गच्चीवरचं आकाश, खिशातला कॅमेरा

गोष्ट ऑक्टोबर २०२४ मधली आहे. त्सुचिनशान-ॲटलास नावाचा धूमकेतू त्या दिवसांत सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसत होता. मीही फोन घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर गेलो, श्वास रोखून हात स्थिर धरला आणि फोटो काढला. फोटोत काय आलं? काळपट आभाळ, खाली शहराचा पिवळा उजेड आणि मधोमध एक फिकट रेघोटी. रूम पार्टनरने फोन हातात घेतला, स्क्रीन शर्टाला पुसली, परत पाहिलं आणि म्हणाला, "डाग आहे, जाईना गेला!"

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण पुढे दिवाळीला गावी गेलो आणि तिथे आमच्या आबांनी माझी विकेट काढली.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आबा म्हणजे आजोबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांची अर्धी हयात रात्री पिकाला पाणी देण्यात गेली. शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीचीच असायची. हातात घड्याळ नाही. मग दारं धरायला कधी उठायचं आणि मोटर कधी बंद करायची, हे ते ताऱ्यांवरून ठरवायचे. मृगाच्या पोटातले एका रांगेतले तीन तारे म्हणजे त्यांचं 'तिकांडं'. तिकांडं कुठवर चढलं ते पाहून आबा वेळ सांगायचे.

आता आबांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी टिकवायची, एवढंच हातात असतं. डोळ्यांजवळ धरलेली, उजेडाची मोठी गोष्ट त्यांना दिसते. अंधारातला तारा दिसत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री बारानंतर अंगणात बसलो होतो. आबांनी विचारलं, "तिकांडं वर आलं का रं?"

"आलंय आबा."

"मला काई दिसंना बाबा."

मी म्हटलं, थांबा, दाखवतो. फोन बाजेवर उशीला टेकवून ठेवला, हलू नये म्हणून. स्क्रीन आपल्याकडे राहावी म्हणून पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा लावला. नाईट मोडमध्ये तिकांडं आलं, काक्षी आला, राजन्य आला, खालचा व्याधही आला. बहिणीला परीक्षेच्या तयारीसाठी टॅब मिळाला आहे, त्यावर फोटो घेतला, मोठा केला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी टॅब नाकाजवळ धरला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तिकांडं हाय. पर ह्यो व्याध डाव्या अंगाला कसा गेला? उगवतीकडं तोंड केल्यावर त्यो उजव्या हाताला पाहिजे."

मी मान वर करून पाहिलं. व्याध उजव्याच हाताला होता! सेल्फी कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा देतो आणि ते सेटिंग मी बंद केलेलं नव्हतं. ज्या माणसाला तारे दिसत नाहीत त्याने माझ्या फोटोतली चूक काढली. आणि मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला!

"नीट काढून आन," आबा म्हणाले. "पर लवकर आन."

'लवकर' का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर तीन महिने मी सबमिशन सांभाळून जो अभ्यास केला, तो इथे मांडतो आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. तुमच्या-आमच्या खिशातला फोन पुरतो. फक्त तो काय करतो ते समजून घ्यावं लागतं.

फोनचा डोळा केवढा?

सर्वसाधारण फोनच्या मुख्य लेन्सचं नाभीय अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असतं आणि छिद्र 'एफ १.८' वगैरे. ५.४ ला १.८ ने भागा: ३ मिलिमीटर. म्हणजे उजेड आत यायचा दरवाजा ज्वारीच्या दाण्याएवढा! तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून डोळा फोनपेक्षा पाचपट उजेड घेतो. मग फोन जिंकतो कुठे? वेळेत. डोळा सेकंदाच्या एका लहान भागापलीकडे उजेड साठवू शकत नाही. सेन्सर मात्र १०-१५ सेकंद उजेड गोळा करत बसतो. मोठी बादली नसेल तर लोटा नळाखाली जास्त वेळ धरायचा, एवढंच तत्त्व.

इथे आपल्याच बिरादरीतली एक आठवण सांगतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, जे पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं, कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिच्यातली डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळात भारतातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घ्यायला नायगमवाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास, आणि तेवढ्यात काचेच्या प्लेटा बदलायच्या! पुढे १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिचा २० इंची आरसा आणि आपलं ३ मिलिमीटरचं छिद्र यांची तुलना केली तर ढोबळमानाने २८ हजार पट फरक येतो. पण एका बाबतीत आपण श्रीमंत आहोत. प्लेट एकदा वाया गेली की गेली. आपण एका रात्रीत शंभर फोटो वाया घालवू शकतो आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

पृथ्वी थांबत नाही

मग फोन दोन मिनिटं उघडा का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते. तासाला १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला. पूर्ण चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश, म्हणजे १८०० विकला. म्हणून आकाश दोन मिनिटांत एका चंद्राएवढं सरकतं.

आता आपल्या सेन्सरवर हे किती होतं? चार पिक्सेल एकत्र करून तयार होणारा मोठा पिक्सेल २ मायक्रॉनचा धरू. त्याला ५.४ मिलिमीटरने भागलं की एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा सुमारे ७५ विकलांचा तुकडा येतो. म्हणजे तारा दर ५ सेकंदांना एक पिक्सेल सरकणार. १५ सेकंदांत तीन पिक्सेल. एवढं चालतं. ३० सेकंद ठेवलं की ताऱ्याची चवळीची शेंग होते. तिकांडं जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे, म्हणून तिथे हे सरकणं सर्वांत जास्त. ध्रुवाजवळ सर्वांत कमी. ध्रुवाकडे तोंड करून जास्त वेळ ठेवलं तरी खपून जातं, ते यामुळे.

विटा, ज्वारीची पिशवी आणि सेटिंग

स्टँड नसेल तर अडू नका. जुन्या पायजम्याच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरा. दोन विटांवर ती पिशवी आणि पिशवीत रुतवलेला फोन: हवा तो कोन मिळतो आणि फोन ढिम्म हलत नाही. बटण दाबताना धक्का बसतोच, म्हणून तीन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावा. वायरचा इअरफोन असेल तर त्याचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये शटरचं काम करतं.

नंतर कॅमेऱ्यात 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' मोड उघडा. फ्लॅश बंद. मागचा, मुख्य कॅमेरा घ्या. (पुढचा का नाही, ते वर आलंच आहे!) शटर १० ते १५ सेकंद. आयएसओ गावाबाहेर १६०० ते ३२००, शहरात ४०० ते ८००. एक लक्षात ठेवा, आयएसओ वाढवला म्हणून उजेड जास्त येत नाही. आलेला सिग्नल फक्त मोठा होतो, आणि त्याच्याबरोबर खरखरही. फोकस हाताने अनंतावर न्या. बहुतेक फोनवर तिथे डोंगराचं चिन्ह असतं. काही फोन अनंताच्याही थोडे पुढे जातात, म्हणून आधी लांबच्या टॉवरच्या लाल दिव्यावर फोकस तपासा. व्हाईट बॅलन्स ४००० केल्विनच्या जवळ पक्का करून ठेवा, ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. 'रॉ' फाईलची सोय असेल तर ती चालू करा. आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा. मेसच्या भाजीचं बोट लागलेल्या लेन्समधून प्रत्येक तारा धूमकेतू दिसतो!

चंद्राचं गणित वेगळं. चंद्रावर ऊन पडलेलं असतं. त्याला आयएसओ ५० ते १०० आणि सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

एक फोटो नको, सोळा हवेत

हे मला सर्वांत उशिरा कळलं. एका फोटोत खरखर इतकी असते की बारीक तारे तिच्यात बुडतात. उपाय म्हणजे फोन न हलवता तसेच सोळा फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे.

हे का चालतं? मेस आठवा. रात्री आठला प्रत्येक जण काहीतरी ओरडत असतो, काही कळत नाही. पण एक जण दर मिनिटाला "काका, पोळी!" असंच ओरडत राहिला, तर थोड्या वेळाने तेवढंच कानात राहतं. बाकीचा गोंगाट दरवेळी वेगळा असतो, तो एकमेकांना खाऊन टाकतो. गणितात सांगायचं तर सिग्नल फोटोंच्या संख्येच्या पटीत वाढतो, खरखर मात्र तिच्या वर्गमुळाच्या पटीत. सोळा फोटोंमध्ये सिग्नल १६ पट, खरखर ४ पट. म्हणजे फोटो चौपट स्वच्छ. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला झोपलो नसतो तर हे आधीच सुचलं असतं.

रचण्यासाठी डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ती ताऱ्यांच्या जागा जुळवून फोटो रचतात. शेवटी लेन्सवर जाड काळं कापड टाकून त्याच सेटिंगवर पाच-सहा फोटो घ्या. यांना 'डार्क' म्हणतात. सेन्सरमधले जे पिक्सेल उगाचच चमकतात ते यातून ओळखू येतात आणि वजा होतात.

ताऱ्यांचे गोल हवे असतील तर फोन ध्रुवाकडे लावा आणि तासभर फोटो घेत राहा. १५ सेकंदांचा फोटो आणि मधे एक सेकंद धरला तर तासाला २२५ फोटो होतात. स्टारस्टॅक्समध्ये टाकले की १५ अंशांचे कंस तयार. समोर हॉस्टेलची पाण्याची टाकी येऊ द्या, फोटो आपला वाटतो. फोन मात्र चार्ज करून न्या.

परभणीचं आभाळ

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची साधारणपणे गावाच्या अक्षांशाएवढी असते. परभणी १९ अंश उत्तरेच्या थोडी वर आहे, म्हणून ध्रुव आपल्याकडे सुमारे १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे १० अंशांची असते. जेमतेम दोन मुठी. आणि गंमत पाहा, दक्षिणेचा तेजस्वी अगस्ती तारा आपल्याकडे जास्तीत जास्त १८ अंशांवर चढतो. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्री गच्चीवर उभे राहिलात तर एका बाजूला ध्रुव आणि दुसऱ्या बाजूला अगस्ती, दोघेही दोन मुठींवर! दिल्लीकरांना अगस्ती ९ अंशांपर्यंतही चढलेला दिसत नाही. मात्र मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि परभणी ७६.८ च्या आसपास, म्हणून आपली खरी मध्यरात्र सुमारे २३ मिनिटं उशिरा होते.

दुसरी गोष्ट नक्षत्रांची. मृग लागला की पेरणी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण जूनमध्ये मृग आकाशात शोधायला जाल तर सापडणार नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. मग ते तारे दिवसा सूर्याबरोबरच उगवणार आणि मावळणार. रात्री मृग पाहायचा तर हिवाळ्यात. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. आबांचं घड्याळ यावरच चालायचं.

तिसरी गोष्ट उजेडाची. गच्चीवरून मृगाच्या चौकटीत दिसणारे तारे मी बोटांवर मोजले. तेच गावच्या शेतात मोजायला गेलो आणि अर्ध्यातच सोडून दिलं. वर जाणारा दिवा कुणाच्याच कामाचा नसतो. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आपल्याला एवढं जमणार नाही, पण रात्री दहानंतर गच्चीवरचा हॅलोजन तासभर बंद ठेवणं जमेल. रेक्टर सरांनी तो ठेवला, त्यांचे आभार.

फोन खोटं बोलतो का?

हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. २०१९ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ ने ताऱ्यांसाठी खास मोड आणला. तो १६-१६ सेकंदांपर्यंतचे पंधरा फोटो घेऊन आपणच रचतो, एकूण चार मिनिटं. हे प्रामाणिक काम आहे, वर आपण हाताने केलं तेच. पण काही फोन चंद्र ओळखून त्याचे खड्डे आणि डाग स्वतःच रेखाटतात, आणि खरखर पुसता पुसता खरे तारेही पुसून टाकतात. म्हणून फोटो काढला की पडताळा घ्यायचा. स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपलं ठिकाण, तारीख आणि वेळ टाका. नकाशातला प्रत्येक ठळक तारा फोटोत सापडला पाहिजे, आणि फोटोतला जास्तीचा ठिपका विमान, उपग्रह की खराब पिक्सेल ते ओळखता आलं पाहिजे.

टॅबचा खरा उपयोग इथे आहे. त्याचा कॅमेरा बहुधा फोनपेक्षा साधा, आणि अंग मोठं म्हणून वारा लागून हलतो. त्याच्यावर नकाशा लावा आणि फोटो तपासा. स्क्रीनवर गॅदरिंगच्या सजावटीतला लाल जिलेटीन पेपर चिकटवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं की ती मेहनत पाण्यात!

शेवटचा पेपर

२६ जानेवारी २०२५. झेंडावंदन करून दुपारच्या गाडीने गावी गेलो. अमावास्या तीन दिवसांवर, म्हणजे चंद्राची अडचण नव्हती. रात्री हरभऱ्याच्या बांधावर विटा मांडल्या, ज्वारीची पिशवी ठेवली. (रानात बॅटरी आणि पायात बूट हवेतच, विंचू-काट्याला तुमचा प्रोजेक्ट माहीत नसतो.) दक्षिणेकडे तोंड करून सोळा फोटो, मग सहा डार्क. घरी येऊन लॅपटॉपवर रचले, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला आणि टॅबवर घेतले.

सकाळी आबांच्या हातात दिला. त्यांनी टॅब डोळ्यांजवळ धरला आणि सर्वांत आधी विचारलं, "तोंड कुणीकडं केलतंस?"

"दक्षिणेकडं, आबा."

"मंग व्याध डावीकडंच पाहिजे. आता बरूबर हाय."

मग बोट हळूहळू सरकत तिकांड्याच्या खाली आलं. तिथे मृगाचा तेजोमेघ आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा, जिथे नवे तारे जन्माला येतात. मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आबाच म्हणाले, "हे भुरकट. तरणा व्हतो तवा दिसायचं. नंतर दिसंना झालं." आणि थोडं थांबून, "पुसाचा महिना, तिकांडं माथ्याला. नऊ वाजून गेले आसतील तवा."

मी फाईलची माहिती उघडून पाहिली. पहिल्या फोटोची वेळ होती ९ वाजून ३४ मिनिटं.

तर मित्रहो, असा हा अभ्यास. अमावास्येच्या आसपास, आभाळ मोकळं असेल त्या रात्री आम्ही चार-पाच जण गच्चीवर असतो. गच्चीची किल्ली वॉचमन मामांकडे आहे. रजिस्टरमध्ये सही करून यायचं, कठड्यापासून लांब बसायचं. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुनेचा उल्कावर्षाव दर वर्षी असतो, त्या रात्री फोन लावून ठेवला तर एखादी उल्का नक्की गवसेल. फोन कुठलाही चालेल. ज्वारीची पिशवी मात्र आपापली आणा, माझी आता गावी आहे. दर अमावास्येला फोन घेऊन बांधावर जायचं काम बहिणीने अंगावर घेतलं आहे, आणि तोंड कुणीकडे करायचं ते आबा सांगतात.